काकणाचा हात

गंगाखेडच्या पुढं, करडीच्या रानात
तीस पेट्या मांडल्या मी पहिल्या साली.
अनुदानाचा कागद, तीन दिवसांचं प्रशिक्षण,
आणि अंगात पाणी दिसलेल्या म्हशीची घाई.

झाकण उघडायचो ट्रंकेसारखं, पाय लावून.
डिंकानं चिकटलेली चौकट कडकन ओढायचो.
धुराड्याला गोवरी नसली की
सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
काळा धूर. खोकायचो मीच.
त्या आत पोटभर मध पिऊन घ्यायच्या,
घर पेटलंय समजून.
वारा असो, आभाळ आलेलं असो,
मला सवड झाली की ती त्यांची वेळ.

चौकट परत बसवताना एक आवाज व्हायचा,
आता सांगतो, तेव्हा ऐकला नव्हता:
वाळली तुरीची शेंग टाचेखाली यावी तसा.
बारीक. आणि एकदाच नाही.
मग पेटीतून पिकल्या केळ्याचा वास.
मी मागं बघायचो, केळं कुणी आणलं?
कुणीच आणलेलं नसायचं.
एक चिरडली की उरलेल्यांना
त्या वासानं बोलावणं जातं.

सकाळी पेट्यांपुढचं केरसुणीनं गोळा केलं,
मापट्यानं मोजलं.
मापटं भरलं.
पाचव्या पेटीतली राणी गेली. कशानं,
ते चौकटीच्या कडेला लिहिलेलं होतं
नखाएवढ्या ओल्या डागानं.
बिनराणीची पेटी वेगळी वाजते.
रडणं नाही ते. दळण सरल्यावर
जातं नुसतंच फिरत राहावं, तसं काहीतरी.

सुदामती कासारीण आडवाटेनं इसादला चालली होती,
डोक्यावर तिची पेटी, काचेची.
पाण्याला म्हणून बांधावर थांबली
तेव्हा मी सहावीचं झाकण पायानं रेटत होतो.
"पेटी अशी उघडतेत व्हय रे मन्मथ?"
मी म्हणलं, मावशी, चावतेत.
"चावतीलच की. तू काय करायलास ते बघ."
आणि म्हणाली, हात दे.

गव्हाला पाणी देणारी दोन पोरं फिदीफिदी हसली.
तिनं डाव्या हाताचा अंगठा आत मुडपला,
गाठी एकेक दाबल्या,
झोपलेल्याची उशी काढावी तशा.
मोठ्या मापाचं हिरवं काकण बोटांवर टेकवलं
आणि थांबली.
ढकललंच नाही.
"हाड अडवतंय. त्याला कळू दे आपुन आलोत."
बराच वेळ. तारेवर वेडा राघू
माझ्याच माश्या टिपत बसलेला.
मग बघितलं तर काकण मनगटात.
ओरखडा नाही, चूर नाही.

"चाळीस वर्सं झाली," ती म्हणाली,
"बाळंतिणीचे सुजलेले हात,
खुरपं धरून दगड झालेले हात.
काच कच्ची म्हून फुटत न्हाई लेकरा.
आपल्याला पुढच्या घरी जायचं असतंय म्हून फुटती."
दहा रुपये घेतले. काकणाचे.

सातवी पेटी.
गोवरीचा धूर, थोडा, दाराशी. थांबलो.
झाकण कलतं केलं. थांबलो.
आधी कडेची चौकट काढून ठेवली,
झालेल्या जागेत दुसरी सरकवली,
मग वर, सरळ, त्यांच्यावर श्वास न सोडता.
माश्या बोटांवरून गेल्या
बाजारात माणसं खांबाला वळसा घालून जातात तशा.
परत ठेवताना कडेवर एक बसली होती
पाय पुसत.
तिचं झाल्यावर ठेवली.

यंदा अठ्ठावीस आहेत.
चावतात अजून. नांगी नखानं आडवी खरवडतो,
चिमटीत धरत नाही.
काकण त्याच उन्हाळ्यात फुटलं,
टेम्पोत पेट्या चढवताना. माझ्याच घाईनं.
पाचवीचं खोकं घरात आहे, रिकामं.
आई म्हणते, ज्वारी ठेवू त्यात.
अजून ठेवू दिलेली नाही.
डागही तासला नाही.